नोंदीस पात्र कोण? : विकी कोशातील खेळाडूंच्या याद्या आणि त्यांचे निकष

(शिक्षक, ग्रंथपाल व ग्रामपंचायत सदस्य यांच्या एका शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



व्हिडिओ खेळांतील नामवंत खेळाडूंची यादी कशी करावी, हा प्रश्न शिक्षकांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या सभेत चर्चेला घेण्याजोगा आहे काय, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आठवी-नववीच्या वर्गात जाऊन मुलांना आवडत्या खेळाडूंची नावे विचारून पाहिली, तर क्रिकेटपटूंच्या बरोबरीने काही अनोळखी, चमत्कारिक नावे कानांवर पडतात. ही नावे व्हिडिओ खेळांच्या स्पर्धांत भाग घेणाऱ्या खेळाडूंची असतात. मुलांना ती कळतात प्रेक्षपणांतून, आणि त्यांची माहिती मिळते ती त्या त्या खेळाला वाहिलेल्या विकी कोशांतून. हे कोश पगारी संपादक चालवीत नाहीत. ते खेळाची आवड असणारे स्वयंसेवक चालवितात. कोणाचे नाव घ्यावयाचे आणि कोणाचे वगळावयाचे हे तेच ठरवितात, आणि त्यासाठी त्यांनी आपापले नियम केले आहेत. पुरस्कारासाठी नावांची शिफारस करणे, लाभार्थींची यादी तयार करणे, गुणवंतांचा सत्कार ठरविणे ही कामे ज्यांनी केली आहेत, त्यांना या नियमांमागील अडचणी नव्याने समजावून सांगाव्या लागणार नाहीत. यादी कशाचीही असो, वाद नेहमी शेवटच्या दहा नावांवर होतो.

विकी म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी विकी’ म्हणजे लवकर, झटपट. होनोलुलूच्या विमानतळावरील बसगाडीला हे नाव होते. ते वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात राहिले, आणि कोणालाही पान लिहिता व दुरुस्त करता यावे अशी जी व्यवस्था त्यांनी १९९५ साली उभी केली तिला त्यांनी ते दिले. २००१ साली सुरू झालेला विकिपीडिया हा याच पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध कोश होय. मराठी विकिपीडियावर, एखाद्या विषयाला स्वतंत्र लेख असावा की नाही हे ठरविण्याच्या कसोटीला ‘उल्लेखनीयता’ असा शब्द रूढ झाला आहे. हा शब्द चांगला आहे. थोर कोण, गुणी कोण, असे तो विचारीत नाही. ज्याचा उल्लेख करण्यास आधार आहे असा कोण, एवढेच तो विचारतो. प्रस्तुत विषयाचा सारा गाभा या फरकात आहे.

नोंद राहिली म्हणून नाव राहिले

संगणकावरील खेळांच्या ज्ञात स्पर्धांपैकी अगदी आरंभीची एक स्पर्धा १९ ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाली. खेळ होता ‘स्पेसवॉर’, आणि बक्षीस होते ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाची एका वर्षाची वर्गणी. पाच खेळाडूंनी एकाच वेळी खेळावयाच्या प्रकारात ब्रूस बॉमगार्ट विजयी झाले. पन्नासहून अधिक वर्षांनंतर हे नाव आज सांगता येते, याचे कारण एकच : स्ट्युअर्ट ब्रँड या पत्रकाराने त्या स्पर्धेचा वृत्तांत त्याच नियतकालिकात छापला. त्या काळात इतर विद्यापीठांतूनही मुले रात्र-रात्र हा खेळ खेळत. त्यांच्यात बॉमगार्ट यांच्यापेक्षा सरस कोणी नव्हते, असे कोण सांगेल? त्यांचा वृत्तांत कोणी लिहिला नाही, एवढेच.

पुढे नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांची दालने अमेरिकेत गावोगाव निघाली. आयोवा राज्यातील ओटम्वा या लहानशा शहरात वॉल्टर डे यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘ट्विन गॅलक्सीज’ नावाचे असे एक दालन उघडले. त्यापूर्वी ते शंभरावर दालने हिंडले होते आणि प्रत्येक यंत्रावरील उच्चांक वहीत टिपून घेत होते. फेब्रुवारी १९८२ मध्ये त्यांनी ही टिपणे राष्ट्रीय गुणफलक म्हणून जाहीर केली. एका माणसाच्या वहीतून सुरू झालेल्या या फलकाला पुढे मोठी मान्यता मिळाली. खेळांच्या निर्मात्या कंपन्या, वर्तमानपत्रे आणि कालांतराने गिनेसचा विक्रमग्रंथही त्यावर विसंबू लागला. कोणत्याही सरकारने अथवा क्रीडासंघटनेने नेमून न देता, केवळ यादी ठेवली म्हणून आलेला हा अधिकार होता. अशा अधिकाराचे बळ आणि त्याची उणीव, दोन्ही पुढील प्रकरणात दिसून येतात.

साडेपाच सेकंदांचा प्रश्न

अ‍ॅक्टिव्हिजन या कंपनीने १९८० साली ‘ड्रॅगस्टर’ नावाचा मोटारशर्यतीचा खेळ काढला. गियर बदलत, इंजिनाचा वेग सांभाळीत सरळ रस्ता कमीत कमी वेळात पार करावयाचा, एवढाच तो खेळ. सारे काही सहा-सात सेकंदांत आटोपते. खेळाडूंनी आपल्या दूरचित्रवाणीच्या पडद्याचे छायाचित्र काढून कंपनीकडे पाठवावे आणि कंपनीने त्यांचा गौरव करावा, अशी त्या वेळची प्रथा होती. टॉड रॉजर्स या खेळाडूने १९८२ साली ५.५१ सेकंदांची वेळ नोंदविल्याचे कंपनीने मान्य केले. पुढे ही वेळ ट्विन गॅलक्सीजच्या यादीत आली आणि गिनेसनेही ती स्वीकारली. पस्तीस वर्षे हा विक्रम कोणी मोडू शकले नाही. व्हिडिओ खेळांतील सर्वांत दीर्घकाळ टिकलेला विक्रम म्हणून त्याची कीर्ती झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या यादीला पुष्कळ ‘आधार’ होते. कंपनीचा दाखला होता, फलकावर नोंद होती, जगप्रसिद्ध ग्रंथात उल्लेख होता. परंतु हे सारे आधार एकमेकांवर उभे होते. दुसऱ्याने पहिल्याचे पाहून लिहिले आणि तिसऱ्याने दुसऱ्याचे. मूळ पुरावा कोणी पुन्हा उघडून पाहिलाच नाही. कचेऱ्यांतून एका नोंदीवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी नोंद कशी होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

२०१७ साली एरिक कोझिएल या संगणकतज्ज्ञाने वेगळ्याच बाजूने विचार केला. कोण काय म्हणाले हे बाजूस ठेवून त्याने खेळाचा मूळ संगणककार्यक्रम उलगडला आणि त्यात कोणत्या क्षणी कोणती कळ दाबली असता काय घडते याचे गणित मांडले. सर्व हालचाली निर्दोष केल्या तरी ५.५७ सेकंदांच्या आत ही शर्यत संपू शकत नाही, असे त्यातून निष्पन्न झाले. ट्विन गॅलक्सीजने या प्रश्नावर उघड चर्चा घडवून आणली आणि जानेवारी २०१८ मध्ये रॉजर्स यांच्या सर्व नोंदी यादीतून काढून टाकल्या. गिनेसनेही आपली मान्यता मागे घेतली. या निर्णयाशी आपण सहमत नाही, असे रॉजर्स यांनी जाहीर केले.

त्या खेळाडूच्या मनात काय होते, १९८२ साली पडद्यावर नेमके काय दिसले, याचा न्यायनिवाडा करणे हे यादीचे काम नव्हे. नोंद टिकण्यास पुरावा पुरेसा आहे किंवा नाही, एवढेच यादीने पाहावयाचे. ही मर्यादा पाळणे वाटते तितके सोपे नाही. त्याच वर्षी ‘डाँकी काँग’ या खेळातील बिली मिचेल यांच्या नोंदींविषयीही वाद झाला. सादर केलेली ध्वनिचित्रफीत मूळ यंत्रावरील खेळाची आहे की संगणकावर त्या यंत्राची नक्कल चालवून केलेल्या खेळाची, हा मुद्दा होता. ट्विन गॅलक्सीजने २०१८ साली नोंदी काढल्या. गिनेसनेही त्या काढल्या, पण २०२० साली पुन्हा मान्य केल्या. प्रकरण न्यायालयात गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये समझोत्याने मिटले. जुन्या नोंदी आता ऐतिहासिक दप्तर म्हणून ठेवण्यात आल्या आहेत. एकाच वादात दोन जबाबदार संस्थांचे निर्णय वेगळे पडतात, तेव्हा विकी कोशाने एकीची बाजू घेऊन दुसरी लपवू नये. कोणी, केव्हा, काय ठरविले ते वर्षांसह लिहावे. वाचक तेवढे समजण्याइतका सुज्ञ असतो.

किताब असतो तेथे आणि नसतो तेथे

काही खेळांत हा प्रश्न मुळात बिकट नसतो. महाराष्ट्र केसरी किताबाच्या मानकऱ्यांची यादी करणाऱ्यास निकष शोधीत बसावे लागत नाही. गदा ज्याच्या खांद्यावर तो यादीत. (अर्थात २०२३ साली याच किताबाच्या स्पर्धा दोन ठिकाणी, दोन वेगवेगळ्या संघटनांच्या वतीने झाल्या, तेव्हा यादीत विजेत्याबरोबर संघटनेचेही नाव लिहिणे भाग पडते.) बुद्धिबळातील व्यवस्था अधिक सूक्ष्म आहे. ग्रँडमास्टर या किताबासाठी आंतरराष्ट्रीय संघटनेने २५०० रेटिंग आणि तीन नॉर्म अशी अट घातली आहे. परंतु काही निवडक स्पर्धा अशा आहेत की त्या जिंकणारास किताब थेट मिळतो. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. त्यांच्या नावावर त्यापूर्वी ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. तरीही त्या विजयाने त्या भारताच्या ८८ व्या ग्रँडमास्टर झाल्या. सातत्याने चांगला खेळणारा आणि एकदाच पण फार मोठे यश मिळविणारा, अशा दोघांनाही वाट असावी म्हणून ही दोन दारे ठेवलेली आहेत. महत्त्वाची गोष्ट ही की, दोन्ही दारे स्पर्धेच्या आधीपासून लेखी नियमांत होती. विजयानंतर कोणी ती पाडून घेतली नाहीत.

व्हिडिओ खेळांना अशी एकच मध्यवर्ती संघटना नाही. खेळ शेकडो, प्रत्येक खेळाचा मालक एखादी कंपनी, आणि स्पर्धा भरविणारे कोणीही. शेजारच्या चौघांनी मिळून ‘जागतिक अजिंक्यपद’ असे नाव दिले तर त्यांना अडविणारे कोणी नाही. त्यामुळे स्पर्धेच्या नावावर न जाता ती प्रत्यक्षात काय होती ते पाहावे, हा कोशांचा पहिला दंडक आहे. किती खेळाडू उतरले, त्यांत आधीच सिद्ध झालेले किती होते, ते किती प्रदेशांतून आले, सामन्यांचा पूर्ण तक्ता उपलब्ध आहे काय, यांवरून स्पर्धेची श्रेणी ठरते. लिक्विपीडियासारख्या कोशांत काही खेळांपुरती स्पर्धेची श्रेणी आणि तीत मिळविलेले स्थान यांवरून गुण देण्याची रीत आहे. ठरावीक गुण झाले की खेळाडूचे स्वतंत्र पान होऊ शकते. या पद्धतीचा लाभ असा की मैत्री अथवा राग यांना वाव कमी राहतो. मात्र गुण मोजणाराने डोळे मिटून मोजू नये.

याचे चांगले उदाहरण २००४ सालचे आहे. कॅलिफोर्नियातील ‘एव्हो’ या स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर थ्री’ या द्वंद्वखेळाच्या एका सामन्यात जपानचे दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचे जस्टिन वाँग समोरासमोर आले. उमेहारा यांच्या पात्राची शक्ती इतकी संपली होती की एका साध्या आघातानेही सामना संपला असता. वाँग यांनी निर्वाणीचा मारा केला. उमेहारा यांनी एकापाठोपाठ पंधरा आघात नेमक्या क्षणी परतविले आणि उलट वार करून फेरी जिंकली. प्रेक्षागृहात झालेला जल्लोष आजही ध्वनिचित्रफितीत ऐकू येतो; या खेळांच्या इतिहासात याहून अधिक वेळा पाहिला गेलेला प्रसंग क्वचितच सापडेल. आता निकाल पाहावा : त्या खेळाचे अजिंक्यपद ना उमेहारा यांना मिळाले ना वाँग यांना, ते जपानच्याच केंजी ओबाता यांनी पटकाविले. केवळ विजेत्यांची यादी केली तर ओबाता येतील आणि तो प्रसंग गळून जाईल. केवळ प्रसिद्धी पाहिली तर विजेत्यावर अन्याय होईल. म्हणून जाणते कोश निकालांची यादी वेगळी ठेवतात आणि संस्मरणीय सामन्यांचे पान वेगळे.

प्रसिद्धीविषयी आणखी एक खबरदारी घेतली जाते. आपला खेळ थेट दाखवून लक्षावधी प्रेक्षक मिळविणारे अनेक लोक आहेत. ते मनोरंजन करतात आणि त्यांची स्वतंत्र नोंद करण्यास हरकत नाही; परंतु स्पर्धेत न उतरलेल्या माणसास स्पर्धक म्हणून नोंदविता येत नाही, मग त्याचे चाहते कितीही असोत. तद्वतच, कोणी स्वतःचे अथवा आपल्या संघातील सहकाऱ्याचे पान स्वतः लिहू नये, प्रस्ताव मांडावा आणि निर्णय इतरांवर सोपवावा, असा संकेत आहे. सत्कारमूर्तीनेच मानपत्राचा मसुदा लिहिल्याची उदाहरणे आपल्याकडेही अगदीच दुर्मीळ नाहीत.

लाहोरचा खेळाडू

लेखी निकष केले म्हणजे न्याय झाला, असे मात्र नाही. निकष सर्वांना सारखा असूनही त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. या बाबतीत पाकिस्तानातील एका खेळाडूची हकिकत मुळातून समजून घेण्यासारखी आहे.

‘टेक्केन’ या द्वंद्वखेळाच्या नामवंत खेळाडूंत अनेक वर्षे दक्षिण कोरिया आणि जपान यांचेच वर्चस्व होते. मोठ्या स्पर्धा तेथे, अमेरिकेत आणि युरोपात होत. लाहोरच्या दालनांतून तरुण मुले हा खेळ वर्षानुवर्षे खेळत होती. पण तेथे ज्या स्पर्धा होत त्यांना कोणत्याही कोशाच्या लेखी श्रेणी नव्हती. आणि श्रेणी असलेल्या स्पर्धेस जावयाचे तर व्हिसा हवा, विमानभाडे हवे, आणि ते भाडे परक्या चलनाच्या मानाने मोजावे लागे. साहजिकच कोशांच्या दृष्टीने पाकिस्तानात उल्लेखनीय असा टेक्केन खेळाडू नव्हता. नियम कोणी मोडला नव्हता. नियमाप्रमाणेच तो नव्हता.

फेब्रुवारी २०१९ मध्ये अर्सलान सिद्दीक हा लाहोरचा तरुण जपानमधील फुकुओका येथे भरलेल्या ‘एव्हो जपान’ स्पर्धेत कसाबसा पोहोचला. ‘अर्सलान अ‍ॅश’ या टोपणनावाने तो खेळतो. जगातील पहिल्या फळीच्या खेळाडूंना हरवून त्याने ती स्पर्धा जिंकली. सारे चकित झाले. त्याहून अधिक चकित झाले ते त्याच्या उद्गारांनी. आपल्या देशात आपल्या तोडीचे आणखी खेळाडू आहेत, असे त्याने सांगितले. अनेकांना तो विनय वाटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगास येथील मुख्य ‘एव्हो’ स्पर्धाही त्याने जिंकली. अंतिम सामन्यात त्याने ज्याला हरविले तो ‘नी’ या नावाने ओळखला जाणारा कोरियाचा खेळाडू या खेळातील सर्वश्रेष्ठांपैकी एक मानला जातो. या मातब्बर खेळाडूने पाकिस्तानात जाऊन तेथील मुलांशी सराव केला आणि अर्सलानचे म्हणणे खरे असल्याची जगाला खात्री पटली. त्यानंतर पाकिस्तानातील इतर खेळाडूंचीही नावे आंतरराष्ट्रीय निकालांत दिसू लागली.

२०१८ साली ही मुले कमी उल्लेखनीय होती आणि २०१९ साली अधिक झाली, असे का म्हणावयाचे? त्यांचा खेळ तोच होता. बदलली होती ती पाहणाऱ्यांची जागा. यापूर्वी २००९ साली ‘स्मॅश ब्रदर्स मेली’ या खेळातही काहीसे असेच घडले होते. ‘आर्माडा’ या टोपणनावाचा स्वीडनचा खेळाडू कॅलिफोर्नियातील ‘जेनेसिस’ स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, तेव्हा युरोपातही असा खेळ चालतो हे अनेक अमेरिकन चाहत्यांना प्रथमच उमगले.

या अनुभवांवरून प्रादेशिक निकषाची आवश्यकता स्पष्ट होते. एखाद्या प्रदेशातील नियमित स्पर्धांत सातत्याने पहिल्या काही स्थानांवर असणारा, किंवा आधी यादीत असलेल्या खेळाडूस अधिकृत सामन्यात हरविणारा खेळाडू, जागतिक स्पर्धेत गेला नसला तरी नोंदीस पात्र समजावा, हा त्याचा आशय. अडचण अशी की ‘प्रदेश’ केवढा धरावयाचा? तो देशाएवढा धरला तर लाहोर आणि कराची एकाच मापाने मोजली जातात. तालुक्याएवढा धरला तर प्रत्येक गल्लीत एक अजिंक्यवीर निघेल आणि यादीचे मोलच राहणार नाही. या प्रश्नाला सर्व खेळांसाठी एकच उत्तर नाही. स्पर्धा नियमित होते काय आणि तिचे निकाल कोणासही तपासता येतात काय, या दोन गोष्टी पाहून प्रत्येक ठिकाणी निर्णय करणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग दिसतो. मध्यवर्ती शहरात बसून यादी करणाऱ्यांनी तर एक गोष्ट विसरू नये : ज्या भागातून एकही नाव आले नाही, त्या भागात गुणी माणूस नाही की तेथपर्यंत आपला कागदच पोहोचला नाही, हे आधी पाहावे.

नाव आणि वय

खेळाडू टोपणनावाने खेळतात. एकाच टोपणनावाचे अनेक खेळाडू असतात, आणि एकच खेळाडू दोन-तीन नावेही बदलतो. म्हणून पान टोपणनावाने करावे, जुनी नावे तेथून जोडावीत, आणि व्यक्तीने नाव बदलले तर तिच्या पूर्वीच्या निकालांची साखळी तुटू देऊ नये, असा नियम असतो. अटारी कंपनीने १९८० साली भरविलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या विजेत्या आज रिबेका हाइनमन या नावाने ओळखल्या जातात. पुढे त्या नामांकित खेळनिर्मात्या झाल्या आणि ‘इंटरप्ले’ कंपनीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. स्पर्धेच्या वेळी त्यांचे नाव वेगळे होते. त्यांनी पुढील आयुष्यात जे नाव धारण केले त्याच नावाखाली १९८० चा विजय नोंदविणे हे सभ्यतेचे आहे आणि इतिहासालाही धरून आहे.

यापेक्षा नाजूक प्रश्न वयाचा आहे, आणि शिक्षकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. या खेळांतील कित्येक विजेते शाळकरी वयाचे असतात. ‘बुघा’ या टोपणनावाने खेळणारा अमेरिकन मुलगा जुलै २०१९ मध्ये ‘फोर्टनाइट’ खेळाचे विश्वविजेतेपद जिंकला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. बक्षीस होते तीस लक्ष डॉलर. दोन-तीन आठवड्यांतच, तो घरून खेळत असताना, कोणा अज्ञाताने पोलिसांना खोटी वर्दी दिली आणि सशस्त्र पोलीस त्याच्या दारात येऊन उभे राहिले. सुदैवाने अनर्थ टळला. घराचा ठावठिकाणा दुष्ट माणसाच्या हाती लागला म्हणजे काय होऊ शकते, हे यातून दिसते. यास्तव अल्पवयीन खेळाडूंच्या नोंदीत शाळा, गाव, आईवडिलांची नावे, छायाचित्र यांपैकी काहीही देऊ नये. खरे नावही केवळ खेळाडूने वा आयोजकांनी स्वतः जाहीर केले असेल तरच द्यावे. माहिती खरी आहे, एवढे कारण ती छापण्यास पुरेसे नाही. शाळेच्या वार्षिकांकातून विद्यार्थ्यांची माहिती सविस्तर देण्याची आपल्याकडे जी हौस असते, तिलाही हाच नियम लावून पाहावा.

शिक्षा झालेल्या खेळाडूंचे काय, असाही प्रश्न विचारला जातो. दक्षिण कोरियात ‘स्टारक्राफ्ट’ हा खेळ एके काळी दूरचित्रवाणीवर राष्ट्रीय खेळासारखा पाहिला जाई. २०१० साली तेथे सामने आधी ठरवून हरल्याचे प्रकरण उघडकीस आले. ‘सेव्हिअर’ या टोपणनावाचा, अनेक अजिंक्यपदे मिळविलेला खेळाडू त्यात दोषी आढळला आणि संघटनेने त्याला कायमचे बाद करून त्याचे विक्रमही रद्द केले. चाहत्यांच्या कोशांत त्याचे पान मात्र आहे. त्यात विजयही आहेत आणि शिक्षाही आहे. संघटनेने मान काढून घेणे योग्यच होते. पण कोशाने पान पुसले असते तर त्याच्याविरुद्ध हरलेल्या खेळाडूंचे सामनेही कोणाशी झाले ते कळले नसते.

आपल्याकडील निकाल

भारतात या क्षेत्राला अधिकृत मान्यता अलीकडेच मिळाली. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत हे खेळ प्रात्यक्षिक म्हणून ठेवले होते, तेव्हा भुजच्या तीर्थ मेहता यांनी ‘हार्थस्टोन’ या खेळात कांस्यपदक मिळविले. प्रात्यक्षिक असल्यामुळे ते देशाच्या पदकतालिकेत धरले गेले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या अधिसूचनेने ई-क्रीडेचा विषय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाकडे आला. २०२३ साली हांगझाउ येथील आशियाई स्पर्धांत या खेळांना पूर्ण पदकांचा दर्जा होता. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-क्रीडा त्यांपासून वेगळी मानून तिला मान्यता दिली. पालकसभांतून या दोहोंची गल्लत नेहमी होते. ती दूर करणे हे शिक्षकांनी सहज करण्यासारखे काम आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी आणि महाविद्यालयांच्या संमेलनांतून आता अशा स्पर्धा होऊ लागल्या आहेत. त्यांचे निकाल मात्र भ्रमणध्वनीवरील अभिनंदनाच्या संदेशांपलीकडे उरत नाहीत. खेळाचे नाव व आवृत्ती, तारीख, ठिकाण, आयोजक, उतरलेल्या खेळाडूंची संख्या, पहिल्या फेरीपासूनचा सामन्यांचा तक्ता आणि खेळाडूंची टोपणनावे, इतका मजकूर एका पानावर मावतो. तो आयोजकांनी त्याच दिवशी लिहून, सही करून, ग्रंथालयात ठेवला आणि कोणालाही पाहता येईल असा प्रसिद्ध केला, तर उद्या कोणत्याही कोशाच्या संपादकाला त्याचा आधार घेता येईल. आज एखाद्या मुलाचा प्रस्ताव पुराव्याअभावी नाकारला गेला, तरी विकी कोशाच्या चर्चापानावर तो प्रस्ताव आणि नकाराचे कारण दोन्ही तारखेसह राहतात. नवा निकाल हाती आला की तेच पान पुन्हा उघडता येते.